उपासाला काय चालतं?

(पुण्यात वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या मांडणीचं हे लिखित रूप.)

आजचा विषय ठरला तो आपल्याच एका वादातून. उपासतापास, सोवळंओवळं हे सगळं अंधश्रद्धेच्या खात्यात टाकावं आणि आपण आपल्या कामाला लागावं, असं आपल्यातल्या काही जणींचं म्हणणं होतं. त्यावर वस्तीत रोज जाणाऱ्या एका कार्यकर्तीनं सांगितलं, "मी लोहाच्या गोळ्या वाटायला जाते तेव्हा बायका पहिला प्रश्न विचारतात, ताई, उपासाला गोळी चालते का? मी काय उत्तर देऊ?" वाद तिथं थांबला आणि मला बोलायला सांगितलं गेलं. मी काही धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. समाजकार्यात एम. ए. केलं आणि गेली दहा वर्षं पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्यांमध्ये काम करते आहे. त्यामुळे पोथीतलं थोडं आणि चुलीजवळचं जास्त, असं माझं बोलणं होणार आहे.

सणावाराला हिंदू लोक अमुक पदार्थ खात नाहीत, असं आपण सहज म्हणतो. पण यातले 'हिंदू' कोण? सदाशिव पेठेतल्या घरात आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी होते. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं पोटभर खाऊन घ्यायची आणि एकादशीपासून चातुर्मास पाळायचा. कांदा, लसूण, वांगं बंद. काही घरांत हे कार्तिकी एकादशीला सुटतं, काही घरांत थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला. आता चंपाषष्ठीला काय होतं? खंडोबाला नैवेद्य दाखवतात तो वांग्याच्या भरताचा, बाजरीच्या रोडग्याचा, आणि बरोबर कांद्याची पात. म्हणजे जे पदार्थ देवासाठी चार महिने वर्ज्य केले, तेच पुण्यापासून दीड तासावर जेजुरीच्या देवाला आवडीचे आहेत. एका देवाला जे चालत नाही ते दुसऱ्याला हवंच असतं.

आणखी जवळ या. हवेली तालुक्यात वाडे बोल्हाई आहे. ज्यांच्या घरी बोल्हाई आहे ती माणसं बकऱ्याचं मटण खात नाहीत, मेंढीचंच खातात. पुण्यातल्या मटणाच्या दुकानांवर 'बोल्हाईचे मटण मिळेल' अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. ती पाटीसुद्धा धर्मनियमाचीच आहे, फक्त तिला कोणी सात्त्विक म्हणत नाही. कार्ल्याच्या एकवीरेला कोंबडं-बकरं चालतं. तुळजापूरला नवरात्रात अजाबली होतो, आणि त्याच नवरात्रात उत्तरेकडच्या शहरांतून मटणाची दुकानं बंद ठेवा म्हणून दबाव येतो. बंगाली घरांत दुर्गापूजेला मटण शिजतं. कोकणात कित्येक घरांत गौरी जेवते तेव्हा तिच्या पानात तिखटाचं असतं, कुठे मासे, कुठे मटण, कुठे चिंबोऱ्या. पुण्यातल्या वाड्यात गौरीला पुरणपोळी आणि सोळा भाज्या. गौर तीच, माहेरपणाला आलेली. माहेर जे खातं ते लेकीला वाढलं जातं, यापलीकडे मला त्यात गूढ काही दिसत नाही.

हे फक्त हिंदूंचंच आहे असंही नाही. वसईतले मराठी ख्रिस्ती उपवासकाळात मांस टाळतात, जैन पर्युषणात हिरवी भाजी सोडतात, रमजानचे रोजे आपल्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहेत. पवित्र दिवस आला की माणूस ताटातलं काहीतरी कमी करतो, ही माणसाची फार जुनी सवय आहे. नेहमीच्या दिवसापासून हा दिवस वेगळा आहे हे शरीराला कळावं, मनाला थोडा लगाम लागावं, असा त्याचा साधा हेतू असावा. माझा त्याला विरोध नाही. माझी आजी एकादशीला मौन धरायची आणि त्या दिवशी ती खरोखर शांत दिसायची.

मग वाद कशाशी आहे? तो कळायला पोथीत जरा डोकवावं लागतं. कांदा-लसूण तामसी म्हणून वर्ज्य, असं सगळे सांगतात आणि गीतेचा हवाला देतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस आहाराचं वर्णन आहे खरं, पण तिथं कांद्याचं किंवा लसणाचं नाव नाही. शिळं, नासलेलं, उष्टं अन्न तामस, असं तिथं म्हटलं आहे. कांदा-लसणाचं नाव घेऊन बंदी येते ती मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, आणि ती आहे द्विजांसाठी. त्यानं ते जाणूनबुजून खाल्लं तर तो पतित होतो. म्हणजे कांदा हा सुरुवातीपासून वरच्या आणि खालच्या जातींमधली रेघ आहे. कष्टकऱ्याची न्याहारी भाकरी आणि कांदा; तोच कांदा ज्याच्या ताटात नाही तो उंच. अरणच्या सावता माळ्यांना कांद्या-मुळ्याच्या वाफ्यातच विठ्ठल दिसला होता, पण चातुर्मासाच्या यादीत त्यांचं मत कोणी विचारलं नाही.

मनुस्मृतीच्याच पाचव्या अध्यायात पुढे एक गंमत आहे. स्त्रीला नवऱ्यापासून वेगळा यज्ञ नाही, व्रत नाही, उपासही नाही, असं तिथं सांगितलं आहे. नवऱ्याची सेवा केली की तिला स्वर्ग. विष्णुस्मृतीनं तर नवरा जिवंत असताना उपास करणारी स्त्री त्याचं आयुष्य कमी करते असं म्हटलं आहे. आणि आज वटपौर्णिमेला आणि हरतालिकेला आपण उपास करतो तो नवऱ्याचं आयुष्य वाढावं म्हणून! मधल्या काळात पुराणं आली, व्रतं वाढत गेली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री यानं 'चतुर्वर्गचिंतामणी' लिहिला, त्यातलं व्रतखंडच केवढं मोठं आहे. महामहोपाध्याय काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिताना पाचव्या खंडात व्रतांची जी यादी दिली ती चाळताना दमायला होतं. यज्ञाचा अधिकार नाही, वेदाचा नाही, संपत्तीचा नाही. हाती राहिलं ते स्वतःचं पोट. तेवढं उपाशी ठेवून पुण्य मिळवायची मुभा तिला मिळाली, आणि ते पुण्यही बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावे जमा.

१८८२ साली पुण्यात छापलेल्या 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी नेमका हाच हिशोब मागितला होता. नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेलेली सावित्री सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोसाठी तिकडे फिरकलेला एक तरी नवरा दाखवा, असा त्यांचा सवाल. अजून कोणी दाखवलेला नाही.

आता 'शास्त्रीय कारणा'कडे येते, कारण आजकाल शिकलेल्या घरांत हेच उत्तर मिळतं. पावसाळ्यात पचनशक्ती मंद होते म्हणून चातुर्मास. मासे अंडी घालतात म्हणून श्रावणात मासे नकोत. पालेभाजीत किडे होतात म्हणून ती टाळायची. यात काही तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते ती माशांच्या प्रजननासाठीच. पण कोळी नारळीपौर्णिमेला, म्हणजे भर श्रावणात, दर्याला नारळ देऊन होड्या लोटतात. त्यांचं शास्त्र श्रावणाच्या मध्यावर संपतं आणि आपलं आणखी पंधरा दिवस चालतं. शिवाय पचन मंद झालेलं असताना साबुदाण्याचा वडा कसा पचतो, हे मला आजवर कोणी नीट समजावून दिलेलं नाही.

त्या साबुदाण्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तामिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने निघाले ते १९४० नंतर. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची हीसुद्धा अमेरिका खंडातली मंडळी, पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर इकडे आलेली. म्हणजे उपासाची खिचडी हा जो आपला पवित्र पदार्थ, त्यातलं जिरं, तूप आणि मीठ सोडलं तर बाकी सगळं हेमाद्रीला माहीतही नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून त्यानं बंदी घातली नाही, आणि बंदी नाही म्हणून ते चालतं! कोथिंबीर चालते का, यावर मात्र एका जिन्यात दोन घरांची दोन मतं.

नियम नवेही तयार होतात, आणि आपल्या डोळ्यांदेखत होतात. १९७५ साली 'जय संतोषी माँ' हा सिनेमा आला. त्यानंतर शुक्रवारी आंबट न खाण्याचं, सोळा शुक्रवार गूळ-चण्याच्या प्रसादाचं व्रत घरोघर पोचलं. ज्यांच्या आईनं कधी हे नाव ऐकलं नव्हतं त्या बायका दह्याचं भांडं शुक्रवारी झाकून ठेवू लागल्या. मार्गशीर्षातले गुरुवार, वैभवलक्ष्मीचे शुक्रवार यांच्या छोट्या पोथ्या हळदीकुंकवाला वाटल्या जातात. व्रत पुरं झालं की इतक्या पोथ्या वाटाव्यात असं पोथीतच लिहिलेलं असतं. छापखान्याच्या दृष्टीनं याहून चांगलं व्रत नसेल. हे सांगते ते टिंगल म्हणून नाही. जे काल सुरू होऊ शकतं ते उद्या बदलूही शकतं, एवढाच मुद्दा.

आता भाद्रपदाचा पहिला आठवडा डोळ्यांपुढे आणा. तृतीयेला हरतालिका. कडक करणारी बाई पाणीसुद्धा पीत नाही. त्याच दिवशी तिला घर पुसून, नारळ खवून, मोदकाची तयारी करून ठेवायची असते, कारण दुसऱ्या दिवशी गणपती. चतुर्थीला सकाळपासून उकडीचे मोदक. आरती होऊन, पुरुषांची पंगत उठून ती जेवते तेव्हा चार वाजलेले असतात. पंचमीला ऋषिपंचमी, म्हणजे पुन्हा उपास. मग गौरी यायच्या, जेवायच्या, जायच्या. पुरण वाटायचं, सोळा भाज्या चिरायच्या. या आठवड्यात काय खायचं नाही याची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते. ती बाई किती तास उभी होती हे कोणी मोजत नाही.

यातल्या ऋषिपंचमीपाशी मला थोडं थांबायचं आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरट न करता आलेलं, हातानं लावलेलं, परसातलं, तेवढंच. अळू, माठाचे देठ, अंबाडी, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, असं सगळं एकत्र शिजवतात. सोबत वरी किंवा देवभात. खरं सांगायचं तर वर्षभरातली ही सगळ्यात गुणाची भाजी आहे आणि मला ती अतिशय आवडते. बैलाला एक दिवस मान द्यायचा ही कल्पनाही सुंदर आहे. पण हे व्रत कशासाठी, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? पाळीच्या दिवसांत चुकून कुठे हात लागला असेल, त्या दोषाचं हे प्रायश्चित्त आहे. म्हणून पाळी गेल्यावर त्याचं उद्यापन करतात.

त्याची कहाणी अशी. एक बाई विटाळशी असताना घरात वावरली, भांड्यांना शिवली. त्या पापानं ती पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तिच्या संपर्काचा दोष लागून नवरा बैल झाला. दोघंही स्वतःच्याच मुलाच्या घरी आले. एक दिवस मुलाकडे त्यांचंच श्राद्ध होतं. खिरीच्या पातेल्यात सापानं गरळ टाकलं, ते कुत्रीनं पाहिलं. जेवणारे मरतील म्हणून तिनं सगळ्यांदेखत पातेल्याला तोंड लावलं. खीर फेकून द्यावी लागली, ब्राह्मण वाचले, आणि सुनेनं कुत्रीला बडव बडव बडवलं. रात्री ती गोठ्यात बैलाला आपलं दुःख सांगते. तो म्हणतो, मीही आज दिवसभर उपाशी राबलो. मुलगा ते ऐकतो, ऋषींना विचारतो, मग हे व्रत सांगितलं जातं.

मैत्रिणींनो, वस्तीत मी ही कहाणी सांगते तेव्हा बायका सापाशी आल्या की गप्प होतात. एकदा एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे वाचवलं तिनंच, मार खाल्ला तिनंच, आणि पाप बी तिचंच?" मला यापेक्षा चांगलं विवेचन करता आलेलं नाही.

म्हणजे सणाला टाळायचं असतं ते फक्त कांदा-वांगं नसतं. टाळायचा असतो एखादीचा हात. याचं आपल्या शहरातलं उदाहरण फार जुनं नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित, मोठ्या हुद्द्यावरच्या बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईंविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली. गौरी-गणपतीच्या आणि श्राद्धाच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकासाठी त्यांना ब्राह्मण सुवासीन हवी होती, आणि या बाई तशा नाहीत हे त्यांना नंतर कळलं. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. स्वयंपाक चांगला नव्हता, कोणाला बाधला, अशी तक्रार नव्हती. देवानं तो नैवेद्य आधी गोड मानून घेतला होता, घरच्यांनीही. गावभर निषेध झाला आणि काही दिवसांनी फिर्याद मागे घेतली गेली. पण त्यातला 'सुवासीन' हा शब्द मला अजून टोचतो. जात तर आहेच. शिवाय तिचा नवरा जिवंत आहे की नाही यावर तिच्या हातचं पुरण देवाला चालणार की नाही ते ठरतं. या शहरात पंडिता रमाबाईंनी शारदा सदन चालवलं, कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, त्याला शंभरावर वर्षं होऊन गेली. तेव्हाच्या विधवेला दिवसातून एकदाच जेवायची परवानगी होती, आणि घरातला सोवळ्याचा स्वयंपाक मात्र तिनंच करायचा. सत्ता आपल्या सोयीप्रमाणे कोणता हात शुद्ध धरायचा ते ठरवते.

आणि पाळी? ती गौरीच्या दिवसांत आली तर? आपल्या वस्त्यांत याचा उपाय ठरलेला आहे. श्रावण संपत आला की बायका औषधाच्या दुकानात जातात आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागतात. चिठ्ठी कोणी विचारत नाही. मुलीला आई देते, सुनेला सासू देते. ही संप्रेरकांची गोळी आहे. कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आहे, कोणाला यकृताचा, हे डॉक्टरांनी बघायला हवं. एका वर्षी एका मुलीला गणपतीत या गोळ्या दिल्या, दसऱ्याला दिल्या, आणि पुन्हा घरच्या लग्नाला दिल्या. नंतर तिचं अंगावरून जाणं थांबेना तेव्हा आई तिला घेऊन आमच्याकडे आली. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मी नसते तर काम कोण करणार?" देवाचा धाक होताच, पण त्याहून मोठा प्रश्न पुरणपोळ्यांचा होता. पाळीत बाजूला बसायचं म्हणजे घरातले दोन हात कमी होतात, ते सणाला परवडत नाही.

आता रक्ताबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. त्याच वयाचे पुरुष २२ टक्क्यांच्या आसपास. त्याआधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, स्त्रियांचा आकडा ४८ होता. म्हणजे तो वाढला आहे. याला कारण उपास, असं मी म्हणणार नाही. पाळी, बाळंतपणं, जंत, गरिबी, शेवटी जेवायची पद्धत, अशी बरीच कारणं आहेत. पण ज्या शरीरात आधीच रक्त नाही त्याला आपण वरून काय देतो ते बघा. वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या एका बाईशी मी महिन्याचा हिशोब मांडला. चार सोमवार, चार गुरुवार, दोन एकादश्या, एक संकष्टी, एक विनायकी. बारा दिवस. उपासाला ती खिचडी करत नव्हती, साबुदाणा आणि शेंगदाणे महाग पडतात. चहा, आणि ज्या घरी काम करायची तिथं मिळालं तर एक केळं. खिचडी केली असती तरी फार काही मिळालं नसतं. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात, ते सगळं पिष्ट. आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. मी म्हटलं, थोडे उपास कमी करा. ती हसली. म्हणाली, "ताई, तेवढं पीठ वाचतं. पोरं विचारत नाहीत आई का जेवली नाही म्हणून." उपासाचं नाव घेतलं की भूक ही भूक राहत नाही, तिला मान मिळतो. तो मान आपण काढून घ्यायचा आणि बदल्यात काय द्यायचं, हे ठरवल्याशिवाय तिला अंधश्रद्ध म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

याची दुसरीही बाजू आहे. आषाढाच्या अमावास्येला गटारी होते. दारू, मटण, आणि रात्री बायकांना मार. आमच्याकडे त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तक्रारी तुम्हाला माहीत आहेत. पण त्यानंतर श्रावण लागतो आणि कित्येक पुरुष महिनाभर दारूला शिवत नाहीत. "श्रावण आमचा," असं एक बाई मला म्हणाली होती. हातात पगार येतो, रात्री झोप लागते. जो माणूस समुपदेशनानं सुधारला नाही तो महादेवाच्या धाकानं महिनाभर गप्प बसतो, हे आपण मान्य करायला हवं. तसंच काही बायकांना उपासाच्या रात्री नवऱ्याला नाही म्हणता येतं. एरवी तिचं नाही कोणी ऐकत नाही. देवाचं नाव पुढे केलं की ऐकतात. सोमवार धरला, गुरुवार धरला यातले काही वार या कारणानंही धरलेले असतात, आणि ते ती मोठ्यानं सांगत नाही.

म्हणून मला वाटतं, 'उपास सोडा' अशी घोषणा देऊन वस्तीत जाऊ नये. आम्ही केलं ते एवढंच. ऋषिपंचमीची भाजी आम्ही वस्तीत एकत्र शिजवली. प्रायश्चित्त म्हणून नव्हे, भाजी म्हणून. पाळी चालू असलेल्यांनीही चिरली, विधवांनीही ढवळली. पहिल्या वर्षी अकरा जणी आल्या, त्यातल्या तिघींनी चव न घेता पाया पडून काढता पाय घेतला. दुसऱ्या वर्षी त्यातली एक जण अळू घेऊन आली. गरोदर बायकांच्या घरी हरतालिकेआधी जाऊन आम्ही सासूशी बोलतो. सुनेशी बोलून काही होत नाही, कारण निर्णय तिचा नसतो. सासूबाईंना सांगतो की पोटातल्या बाळाला निर्जळी कळत नाही. बहुतेक सासवा ऐकतात. एक जण म्हणाली, "माझ्या वेळी मला कोणी सांगितलं असतं तर!"

आणि गोळीचं उत्तर. पोथीवाल्यांचंच आहे, जपून ठेवा. ज्यानं व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. ब्राह्मणाची इच्छा त्या यादीत आहे, भुकेल्या बाईची नाही, याबद्दल आपण पुन्हा कधीतरी भांडू. पण औषध आहे. पाणी आहे. दूध आहे, फळ आहे. तेव्हा लोहाची गोळी उपासाला चालते, निर्जळीचा हट्ट शास्त्रालाही धरून नाही, आणि गोळीबरोबर चहाऐवजी लिंबाचं सरबत घ्यायचं. ज्या बाईला शास्त्राचा आधार लागतो तिला तो द्या. जिला लागत नाही तिला ५४ टक्क्यांचा आकडा द्या.

आता मी थांबते आणि चर्चेला सुरुवात करू. प्रत्येकीला एकेक कागद दिला आहे. मागच्या एकादशीला तुमच्या घरात कोणाकोणाचा उपास होता, फराळाचं कोणी केलं, कोणी काय खाल्लं आणि तुम्ही स्वतः किती वाजता खाली बसलात, एवढंच लिहायचं आहे. नाव घालू नका. जिला लिहिता येत नाही तिनं शेजारणीला सांगावं.